अर्ध्या भाड्याचं रान

"टाइम झाला रेऽऽ, सायकली आणा!"

सोनपेठच्या बसस्टँडामागून भुजंगशेठचा हा आवाज निघायचा आणि बोळाबोळांतून फिरून आम्हा पोरांना कानाला धरून दुकानाकडे आणायचा. तासावर सायकली देणारं ते दुकान कधीच मोडलं. भुजंगशेठही गेले. आवाज मात्र माझ्या कानात घर करून राहिला आहे, आणि तोही बिनभाड्याचा!

माझी सगळी विद्या त्या दुकानातली. आम्ही दोघं मिळून एक सायकल घ्यायचो. जाताना एकानं पायडल मारायचं, दुसऱ्यानं दांडीवर बसायचं, येताना उलटं. भाडं अर्धं, सायकल अख्खी, आणि पायही अर्धेच दुखायचे. तेव्हाच मी पदराला गाठ मारून ठेवली: विकत घेतो तो भोळा, भाड्यानं घेतो तो शहाणा, आणि भाड्यातही सोबती शोधतो तो माऊली. माऊली म्हणजे मी. इथल्या कॉलेजात कारकून आहे, पण लोक सल्ला विचारायला येतात ते ह्या विद्येसाठी.

माझ्या लग्नातला कोट भाड्याचा होता, आणि तो मी त्याच दिवशीच्या दुपारच्या नवरदेवाबरोबर वाटून घेतला होता. म्हणून फोटोंत मी पहिल्या पंगतीपर्यंत साहेब दिसतो आणि पुढे एकदम वाढपी. राजेश्री, म्हणजे आमचं कुटुंब, अजून तो अल्बम पाहते आणि म्हणते, नशीब माझं, नवरीतरी अख्खी आणलीत.

तर सांगायचं ते हे. आमची निकिता बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. मी निकालाआधी भरल्या ताटावर बोलून बसलो होतो की पोरी, मागशील ते देईन. मला वाटलं, मागून मागून काय मागेल, एखादा ड्रेस. तिनं टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन मागितलं.

परभणीच्या दुकानात किंमत विचारली. ऐकून मी त्या पोराला म्हणालो, बाबा रे, ह्याच्यासोबत म्हैस येते का? तो हसला आणि म्हणाला, काका, हे नुसतं मशीन. गेमची डिस्क वेगळी घ्यावी लागते. म्हणजे बैल एका दुकानात आणि शिंगं दुसऱ्या दुकानात! मी तिथून निघालो तो थेट गंगाखेडला, चंद्रभानकडे.

चंद्रभानचं दुकान स्टँडासमोर. मोबाइल दुरुस्त करतो आणि जुनी गेमची मशीनं महिन्याच्या भाड्यानं देतो. मारामारीच्या, मोटारी पळवायच्या डिस्कांचं भाडं त्यानं सांगितलं तेव्हा मी कानावर हात ठेवले. मग माझी नजर तळाशी धूळ खात पडलेल्या एका डिस्ककडे गेली. वर ट्रॅक्टरचं चित्र.

"ती शेतीची हाय," चंद्रभान म्हणाला. "कुणी घेत न्हाई. इथं खरी शेती माणसाला सुटंना, आन पैसे देऊन खोटी कोण करील? तुमी न्यायलाव तर मशीनच्या भाड्यात तशीच न्या."

मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. डिस्क फुकट! आता राहिलं मशीनचं भाडं. त्याला सोबती हवा. आणि सोबती माझ्या डोळ्यांपुढे लगेच उभा राहिला: राणीसावरगावचे किशनमामा.

मामा म्हणजे माझ्या मायचा धाकटा भाऊ. काळीभोर जमीन, विहीर, सगळं आहे; पण त्यांच्या हृदयात डॉक्टरनं स्प्रिंग बसवली आणि मुलांनी त्यांचं रानात जाणं बंद केलं. तेव्हापासून ते ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला पाऊस विचारतात. इकडे माय, पार्वतीबाई, तिचीही तीच गत. दादा, म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर. आमच्या घरात रान असं कधी नव्हतंच. माय आयुष्यभर प्रत्येक सुगीला माहेरी जायची ती भावाच्या रानात काढणी करायला. मूठभर हरभरा पदरात बांधून उन्हानं रापलेली माय परत यायची तेव्हा घरभर मातीचा वास सुटायचा. दादा गेले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि ते जाणंही थांबलं. ती खिडकीशी बसून समोरच्या नालीत उगवलेल्या गवताकडे अशी पाहायची, की मला वाटायचं आता ही उठून ते निंदायला जाणार.

ते रान तसं निम्मं तिचंच झालं असतं. पण आजोबा वारले त्या वर्षी रजिस्ट्रीत जाऊन तिनं हक्कसोडाच्या कागदावर सही केली. सगळ्याच बहिणी करतात. मामांनी साडीचोळी केली, पेढे वाटले. स्टँपाचा खर्चही त्यांचाच! मला त्या व्यवहारात खोट काढायला जागा दिसली नव्हती.

तर ठरलं असं. रविवार ते बुधवार मशीन आमच्याकडे, पुढचे दिवस मामांकडे, नातवंडं खेळतील. भाडं निम्मं निम्मं. ने-आण एसटीनं, म्हणजे दादांच्या जुन्या ओळखीनं फुकटात. मधे गंगाखेडला चंद्रभाननं एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायची. मला सांगा, एवढी बिनचूक योजना मंत्रालयात तरी होते का?

निकितानं डिस्क पाहिली. "पप्पा, ट्रॅक्टर?" एवढंच म्हणाली आणि मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेली ती त्या मशीनकडे पुन्हा फिरकली नाही. पण बटण तिनं दाबून ठेवलं होतं. टीव्हीवर रान उघडलं. नांगरलेलं, काळं, दूरपर्यंत गेलेलं. त्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या.

माय खिडकीकडून वळली. "कुणाचं गं रान हे?"

"कुणाचंच नाही, आजी," आतून निकिता म्हणाली. "गेम आहे तो."

"कुणाचंच नसलेलं रान मी जन्मात पाह्यलं न्हाई," माय म्हणाली. मग थोडं थांबून, कुणी नाही म्हणेल की काय अशा आवाजात तिनं विचारलं, "मंग मी करू का?"

पहिल्या दिवशी तिनं ट्रॅक्टर नदीत घातला. दुसऱ्या दिवशी एका परक्या माणसाच्या अंगणात. रिमोट ती तव्यावरची भाकरी उलटावी तसा धरायची आणि ट्रॅक्टर वळला की स्वतःही वळायची. एकदा तर सगळीच्या सगळी सोफ्यावरून खाली वळली. पण आठवडा सरायच्या आत तिच्या नांगराच्या तासाला कुणी दोरी लावली असती तर दोरी वाकडी निघाली असती. गेममध्ये पैसे टाकले की कामाला गडी मिळतो. तिनं एक गडी लावला आणि अर्ध्या तासात मला हाक मारली. म्हणाली, हा सकाळपासून राबायलाय, ह्याला भाकर कोण देतं? मी म्हणालो, माय, तो जेवत नाही. तिनं त्याला त्याच दिवशी कामावरून कमी केलं. उपाशी माणसाकडून काम करून घेणं तिच्या माहेरात नव्हतं.

गहू पेरला त्या दिवशी तिनं टीव्हीला हळदकुंकू लावलं. काचेवरचं कुंकू बरोबर आभाळात आल्यामुळे आमच्या रानावर त्या हंगामात दोन सूर्य होते. आणि रिमोट फिरवता फिरवता ती गुणगुणायला लागली. किती वर्षांनी!

*काचेच्या मागं रान, रानामधी काळी माती,*
*किशनभावाची बहीण, तिफण धरी दोन्ही हाती.*

मी दारात उभा राहून ऐकलं. जात्यावर बसावं तसा तिचा आवाज गोल गोल फिरत होता, आणि मला माझाच अभिमान वाटत होता. अर्ध्या भाड्यात एवढं!

निकिता एकदा म्हणाली होती की आजीचं आणि मामाआजोबांचं रान वेगळं करून देते, मशीनमध्ये दोन रानं वेगवेगळी ठेवता येतात. मीच ते उडवून लावलं. म्हणालो, भावाबहिणीच्या मधे बांध घालतेस? एकच रान दोघांनी केलं की पीक निम्म्या दिवसांत हाताशी येतं. मशीनला सगळं ध्यानात राहतं. एकानं जिथं सोडलं तिथून दुसऱ्यानं धरायचं. दांडी आणि पायडल! मी ते असं समजावलं की निकितानं हात जोडले.

बुधवारी गहू पिकून पिवळा झाला. माय पडद्याजवळ खुर्ची ओढून बसली होती. जणू वास येईल. कापणीला वेळ नव्हता, संध्याकाळच्या गाडीनं मशीन जायचं होतं. तिनं ते स्वतः पुसलं, खोक्यात ठेवलं. रविवारी मशीन परत आलं ते एका नव्या कोऱ्या साडीत गुंडाळून. जांभळी, रुंद काठाची.

रान कापलेलं होतं. गहू विकलेला होता. अंगणात एक लालभडक हार्वेस्टर उभं होतं.

मामांचा फोन आला. मशीनवर नातवंडं नव्हे, तेच बसत होते, हे तेव्हा कळलं. आवाज असा खुललेला की हृदयातली स्प्रिंग वाजत असावी. म्हणाले, माऊली, लय ब्येस पीक आलतं बघ, कापून टाकलं, आक्काला साडी धाडलीय. मी फोन ठेवला आणि हिशेब केला: मशीन अर्ध्या भाड्यात, डिस्क फुकट, वर साडी! व्हिडिओ गेममध्ये नफा काढणारा महाराष्ट्रातला पहिला माणूस मीच असणार.

मायनं साडीची घडी केली. पुन्हा नांगर घातला.

त्यानंतर हेच चाललं. ती नांगरायची, पेरायची, खत घालायची, तण काढायची. पीक उभं राहायचं ते नेमकं बुधवारी, आणि कापायचे मामा. दर रविवारी मशीन साडीत लपेटून यायचं. मोरपिशी, आमसुली, हिरवी. राजेश्री म्हणाली, अहो, माय जेवता जेवता हात थांबवतात हल्ली, तुम्ही बघा जरा. मी म्हणालो, एवढ्या साड्यांतून कोणती नेसावी ह्याचा घोर लागला असेल. आणि माझं चूक नव्हतं असं मला तिच्या ओवीवरूनही वाटलं. पेरता पेरता ती म्हणत होती,

*भाऊ धाडी साडी, साडीला गं रुंद काठ,*
*कापलेल्या रानाकडं बहीण फिरवी पाठ.*

काठाचं एवढं कौतुक! मी मामांना मुद्दाम फोन करून ओवी ऐकवली. तेही भारावले आणि पुढच्या रविवारी साडी आणखी भारी आली. शेजारच्या सुमनबाई त्या सुमाराला अगदी तशाच रंगांच्या साड्या नेसायला लागल्या होत्या. एका दुकानाचा माल सगळीकडे जातो, मी म्हणालो.

मग आली येळवस.

आमच्याकडे ह्या अमावास्येला घरात कुणी थांबत नाही. जो तो रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, पूजा मांडायची, शेंगाभाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे आणि आंबील घेऊन रानाच्या चारी अंगांना शिंपडायची, काळ्या आईला तृप्त करायचं. माय माहेरी असायची तेव्हा आंबिलीचं मडकं तिच्या डोक्यावर असे. ह्या वर्षी नेमका मशीन आमच्याकडे असण्याचा दिवस होता. सकाळी उठून पाहतो तर टीव्हीसमोर कडब्याच्या चार पेंढ्यांची कोप उभी! आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुना लावून मांडलेले. स्वयंपाकघरातून भज्जीचा वास. राजेश्री माझ्याकडे पाहून हसत होती, आणि मी म्हणालो, करू दे, रानापर्यंत जायचं ट्रॅक्टरचं भाडं वाचलं.

मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा मायनं रानाला आंबील शिंपडली होती. चारी अंगांना. टीव्हीच्या उजवीकडे, डावीकडे, वर, आणि खाली. खाली मशीन होतं.

मशीननं उचकी दिल्यासारखा आवाज काढला. रान एकदा थरथरलं आणि काळं झालं. आंबट ताकाचा वास सुटला. माय हातात पळी घेऊन तशीच उभी होती. तिचा चेहरा मी दादा गेले तेव्हा एकदा असा पाहिला होता.

"गेलं का रे माझं?" ती म्हणाली.

माझं मशीन असतं तर मी रडलो असतो. परक्याचं होतं, म्हणून घाम फुटला. दुसऱ्या दिवशी मशीन टॉवेलात बांधून गंगाखेडला निघालो, तर माय म्हणाली, मीबी येते, गुडघा दाखवायचा हाय. वाटेत गाडीत मी चंद्रभानसाठी भाषण तयार केलं: हवेतला दमटपणा, जुना माल, येळवसीसारख्या सणात आस्थेनं झालेली गोष्ट, आणि शेवटी नुकसानीचा निम्मा भार मामांवर. दुकानात पोचलो. चंद्रभाननं मशीन उघडलं, आत बोट फिरवलं, वास घेतला.

"आंबील हाय व्हय ही?"

मी म्हणालो, आधी चहा घेऊ. टपरीवर गर्दी होती, परत यायला वेळ लागला. येऊन बघतो तर माय काउंटरपाशी स्टुलावर टेकलेली, चंद्रभान मशीन पुसत होता आणि टीव्हीवर आमचं रान हिरवंगार डुलत होतं. मी भाषणाला घसा साफ केला. तो म्हणाला, राहू द्या काका, दुरुस्तीचं काही न्हाई, भाडं आधीसारखंच चालू द्या.

बघा! तोंड उघडायच्या आत माणूस शरण! माझी कीर्ती माझ्यापुढे चालते, हे मी परतीच्या गाडीत मायला तीन-चारदा सांगितलं. ती खिडकीतून उसाचे फड पाहत होती. म्हणाली, व्हय बाबा.

त्यानंतर मायच्या चालीत फरक पडला. गुडघा तोच, पण पाऊल वेगळं. तिचं जेवणही वाढलं. पुढच्या पेरणीला तिनं मका निवडला आणि तो असा जोपासला की कणसं मोजत बसायची. मामांनी नेहमीप्रमाणे कापला. रविवारी साडी आली, पिवळी. मायनं ती हातात घेतली नाही. ती तडक रिमोट घेऊन बसली, हार्वेस्टरवर चढली, ते गेममधल्या दुकानात नेऊन उभं केलं आणि विकून टाकलं. मी पाहत होतो. तिनं त्या पैशांत बी घेतलं आणि सगळं रान पुन्हा शांतपणे पेरलं.

शुक्रवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं मामा आले. एकटे. काखेत मशीन, आणि ते उघडं होतं, कशातही न गुंडाळलेलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी उठून म्हणालो, वा मामा, ने-आणीला स्वतः! त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माय जमिनीवर मेथी निवडत बसली होती. तिच्यासमोर ते पायरीवर टेकले.

"आक्का, हार्वेस्टर कुठाय?"

"इकलं."

"मला न इचारता?"

"तू गहू इकलास तवा मला इचारलं व्हतंस?"

मामा गोंधळले. रुमालानं मान पुसली. म्हणाले की मी तुला इसरलो का कधी, दर टायमाला साडी धाडली, कापडात कधी कंजुषी केली न्हाई, दुकानदाराला इचार. ते खरं होतं. मलाही बोलावंसं वाटलं. मी मधे पडून सांगितलं की गेममध्ये हार्वेस्टर भाड्यानंही मिळतं, विकत घेण्यातच मुळात चूक झाली. दोघांपैकी कुणालाही ते ऐकू गेलं नाही.

तेवढ्यात सुमनबाई विरजण मागायला दारात आल्या. अंगावर जांभळी साडी, रुंद काठाची. मामांची नजर त्या काठावर गेली, पदरावर गेली, आणि तिथंच राहिली. सुमनबाईंना काय वाटलं कोण जाणे, त्या पदर सारखा करून म्हणाल्या, लय चांगलं कापड हाय भाऊ, पार्वतीआक्काकडून घेतली, अजून चार घेतल्यात. विरजण न घेताच त्या गेल्या.

राजेश्री स्वयंपाकघराच्या दारात आली. आतून निकिताही बाहेर आली होती. मेथीच्या जुडीचा दोरा मायनं बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"किशन," ती म्हणाली, "मला साडी नको व्हती. मला रान पाहिजे व्हतं."

मामांनी मशीनकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्यांचा आवाज एकदम लहान भावाचा झाला.

"कोणतं, आक्का? ह्यातलं, का आपलं?"

"दोन्हीबी."

बाहेर कुणीतरी भाजी विकत गेलं. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "मंग सही केलीस तवा का बोलली न्हाईस?"

"तुमी सही मागितली. इचारलं कुठं?" मायच्या आवाजात राग नव्हता, पेरणीच्या वेळी असतो तसा सरळ होता तो. "तुझे दाजी, चुलते, तू, समदे पेन घेऊन उभे. मी म्हणलं, न्हाई म्हणलं तर माझं माहेर तुटंल. म्हणून केली. मंग दरसाल तुझ्या रानात कापायला आले, आन दरसाल तू मला साडी देऊन वाटंला लावलंस. किशन, माझ्या हातची कणसं व्हती ती."

मामांचे डोळे भरले. एवढंच म्हणाले, "पोरांशी बोलतो मी."

"बोल. पण माझ्यासमोर बोल."

"तुझ्यासमोरच. रविवारी जीप धाडतो, तू ये." मग त्यांनी मशीन दोन्ही हातांनी तिच्यापुढे सरकवलं. "आन हे पीक तू काप. मी बघत बसतो."

राजेश्रीनं पदर डोळ्यांना लावला. निकितानं तार टीव्हीला जोडली. अशा वेळी घरातल्या कर्त्या पुरुषाला सावरावं लागतं, आणि तोडगा माझ्याजवळ तयार होता. मी उभा राहिलो. म्हणालो, रडायचं कारणच नाही, मी आजच चंद्रभानकडे जातो, दुसरं एक मशीन ठरवतो, एक मायला एक मामाला, आणि माझं वजन असं आहे की दोन्ही मिळून तो एकाच्या भाड्यात देईल. आंबिलीच्या वेळी पाहिलंत ना, माझ्यापुढे त्याचं तोंड उघडलं नाही.

माय रिमोट हातात घेऊन सोफ्यावर बसत होती. अर्ध्यावर थांबली.

"माऊली, तू जरा खाली बस," ती म्हणाली. "आज बोलायलेच हाय, तर तुझंबी सांगून टाकते. ही मशीन चंद्रभानची न्हाई. आंबील पडली ना, दुसऱ्या दिशी तू चहाला गेलतास, तवाच मी ती त्याच्याकडून इकत घेतली. साड्या सुमनला इकल्या व्हत्या, वरचे माझ्या गाठीला व्हते. पावतीवर माझं नाव हाय, पार्वतीबाई म्हणून. तू आन किशन म्हैन्याला जे निम्मं निम्मं भाडं भरता, ते त्यो मशीनच्या खोक्यात घालून मलाच धाडतो. अन् तुझं या म्हैन्याचं अजून आलं न्हाई."